निसर्गाचा नित्यपाठ : चित्रकार जॉन कॉन्स्टेबल

थोर चित्रकाराचें चरित्र म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें राजदरबार, दूरदेशचे प्रवास, लोकविलक्षण वर्तन आणि मोहरांनीं भरलेल्या थैल्या उभ्या राहतात. ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें ठेवणार आहों, त्याच्या आयुष्यांत यांपैकीं एकहि गोष्ट नाहीं. त्यानें स्वदेशाबाहेर एकदांहि पाऊल टाकलें नाहीं. ज्या नदीच्या कांठीं तो वाढला, त्याच नदीचीं चित्रें तो जन्मभर काढीत राहिला. आणि त्याच्या देशबांधवांनीं त्याला जो मोठा मान दिला, तो अशा वेळीं दिला कीं, तो ऐकून जिला सर्वांहून अधिक आनंद झाला असता ती व्यक्ति या जगांत उरली नव्हती. तरीहि आज निसर्गचित्रांचा इतिहास लिहावयास बसलेल्या कोणालाहि त्याचें नांव टाळतां येत नाहीं. तें नांव जॉन कॉन्स्टेबल.

इंग्लंडच्या पूर्व भागांतील सफोक परगण्यांत ईस्ट बर्गहोल्ट नांवाचें एक खेडें आहे. तेथें ता. ११ जून १७७६ रोजीं जॉनचा जन्म झाला. त्याचा बाप गोल्डिंग कॉन्स्टेबल हा धान्याचा सधन व्यापारी असून स्टूर नदीवरील फ्लॅटफर्ड व डेडहॅम येथील पाणचक्क्या त्याच्या ताब्यांत होत्या. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी बापाची पहिली इच्छा होती. परंतु मुलाचें मन पुस्तकांत रमेना. तेव्हां त्यानें घरचा धंदाच संभाळावा असें ठरून जॉन सुमारें वर्षभर गिरणीवर राबला. हें वर्ष फुकट गेलें असें वरवर पाहणारास वाटेल. पण गांवच्या माळावर बापाची एक पवनचक्कीहि होती, आणि पवनचक्की चालविणाराचें पोट आकाशावर अवलंबून असतें. वारा कोणीकडून फिरतो आहे, कोणता ढग बरसणार व कोणता नुसताच पुढें निघून जाणार, हें त्याला घटकोघटकीं ओळखावें लागतें. वादळ अंगावर येण्यापूर्वीं पात्यांवरचें कापड आवरलें नाहीं, तर चक्कीच मोडून पडावयाची! इतर चित्रकारांस आकाश ही शोभेची वस्तु होती. या गिरणीवाल्याच्या मुलास तें रोजच्या भाकरीचें शास्त्र होतें. पुढें त्याच्या कुंचल्यांतून जे ढग उतरले, त्यांचें बीज या एका वर्षांत पेरलें गेलें असें आम्हांस वाटतें.

जॉनच्या घराच्या फाटकाजवळच जॉन डन्थॉर्न नांवाचा एक कारागीर राहत असे. शिशाचे नळ जोडणें व खिडक्यांस कांचा बसविणें हा त्याचा धंदा. परंतु फावल्या वेळीं चित्रें रंगविण्याचा त्याला मोठा नाद होता. सधन व्यापाऱ्याचा मुलगा आणि हा हातावर पोट असलेला कारागीर असे दोघे मित्र चित्राच्या घोड्या घेऊन शेतांत जात. त्यांचा एक नियम असे. एक देखावा दिवसाच्या एका ठराविक वेळींच रंगवावयाचा. झाडांच्या सावल्या जागच्या हालल्या कीं कुंचले खालीं ठेवावयाचे, आणि उरलेलें काम दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं येऊन पुढें चालवावयाचें. वाचकहो, हा नियम ऐकावयास सोपा वाटतो. परंतु तो पाळणें अवघड आहे. हात चालूं लागलेला असतां थांबणें, कल्पनेनें चित्र पुरें करण्याचा मोह आवरणें, आणि समोर जें नाहीं तें न काढणें, यांत सत्यनिष्ठेचा धडा आहे. कोणत्याहि शाळेंत न मिळालेला हा धडा कॉन्स्टेबलला एका कांचा बसविणाऱ्याच्या संगतींत मिळाला.

१७९५ च्या सुमारास सर जॉर्ज बोमंट या कलारसिक गृहस्थाशीं त्याची ओळख झाली. बोमंटची आई डेडहॅम येथें राहत असे. बोमंटपाशीं सतराव्या शतकांतील थोर चित्रकार क्लोद लोरें याचें एक लहानसें चित्र होतें. उत्पत्तीच्या पुस्तकांतील हागार व देवदूत यांचा तो प्रसंग. परंतु त्या चित्रांत मनुष्यांहून वृक्ष, पाणी व दूरवरचा उजेड यांनाच अधिक जागा दिलेली आहे. तें पाहून झाडें व आकाश हाहि एका मोठ्या चित्राचा विषय होऊं शकतो, हें त्या तरुणास प्रत्यक्ष दिसलें. अखेर बापाचें मन वळलें, धाकटा भाऊ एब्राम यानें धंद्याचा भार उचलला, आणि १७९९ सालीं जॉन लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेंत शिकूं लागला.

१८०२ सालीं त्याच्यापुढें एक पेंच पडला. एका लष्करी विद्यालयांत चित्रकला शिकविण्याची कायमची नोकरी त्याला मिळत होती. पगार नियमित, चिंता नाहीं, आणि घरच्यांचेंहि समाधान! छात्रांना ठराविक नमुने गिरवावयास लावण्यांत आपला जन्म जाईल, हें ओळखून त्यानें ती नोकरी नाकारली. त्याच वसंत ऋतूंत त्यानें डन्थॉर्नला कळविलें कीं, आजवर आपण दुसऱ्यांच्या चित्रांमागें धांवून सत्य उसनें घेत होतों. यापुढें आपण गांवीं परत येऊन निसर्गापाशींच शिकणार. त्या वेळीं त्याचें वय सव्वीस वर्षांचें नव्हतें. हा निश्चय त्यानें पुढें पस्तीस वर्षें, म्हणजे मरेपर्यंत, पाळला.

निसर्गापाशीं शिकणें म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. त्या काळीं बहुतेक चित्रकार बाहेर पेन्सिलीनें टिपण करीत व तैलचित्र घरीं बसून रंगवीत. जुन्या चित्रांवरील रोगण काळवंडून पिवळें पडलेलें असे, आणि तोच तपकिरी रंग थोर कलेची खूण आहे अशी रसिकांची समजूत झाली होती. अशी एक गोष्ट सांगतात कीं, निसर्गचित्राचा रंग जुन्या फिडलसारखा असावा असें बोमंटनें सुचवितांच कॉन्स्टेबलनें खरोखरीचें एक फिडल उचलून हिरव्या गवतावर नेऊन ठेवलें. त्याला अधिक बोलावें लागलें नाहीं.

तैलरंग घेऊन उघड्यावर बसणें त्या काळीं सोपेंहि नव्हतें. रंगांच्या कथलाच्या नळ्या निघाल्या त्या १८४१ सालीं, म्हणजे कॉन्स्टेबलच्या मृत्यूनंतर. त्याच्या वेळीं कालवलेला रंग प्राण्याच्या मूत्राशयाच्या लहानशा पिशवींत बांधून ठेवीत. पिशवीला टांचणीनें भोंक पाडून रंग पिळून काढावयाचा आणि पुन्हां तें भोंक बुजवावयाचें. कॉन्स्टेबल लहानशी रंगपेटी मांडीवर घेऊन बसे. तिच्या झांकणाच्या आंत बसेल एवढा जाड कागद किंवा पुठ्ठा हें त्याचें चित्रफलक. त्यावर अगोदरच तांबूस रंगाचा हात दिलेला असे, आणि झाडांच्या व ढगांच्या फटींतून तो तांबूस रंग डोकावून हिरव्या रंगास उठाव आणी. वारा वाहत आहे, ढग सरकत आहे, घटकेनें हें ऊन राहणार नाहीं, अशा घाईंत कुंचल्याचे फटकारे भराभर पडत. खिशांत मावणाऱ्या लहान वह्यांतहि तो पेन्सिलीनें सतत टिपणें करी. नांगर, होडीचें सुकाणूं, पाण्याच्या दारांचें कुजलेलें लांकूड, शेवाळलेले खांब, यांपैकीं कोणतीच वस्तु त्याला क्षुद्र वाटली नाहीं. १८१५ सालीं त्यानें प्रदर्शनांत मांडलेलें, बापाच्या धक्क्यावर होडी बांधली जात असल्याचें चित्र तर त्यानें जवळजवळ सर्वच्या सर्व उघड्यावर बसून पुरें केलें होतें.

त्यानें धार्मिक चित्रेंहि काढलीं. १८०५ सालीं ब्रँटम येथील देवळासाठीं प्रभु येशू बालकांस आशीर्वाद देत असल्याचें, आणि १८१० सालीं नेलंड येथील देवळासाठीं प्रभु भाकर व द्राक्षारस यांवर आशीर्वाद देत असल्याचें, अशीं दोन वेदीचित्रें त्यानें रंगविलीं. परंतु जाणते लोक या चित्रांस त्याच्या उत्तम कृतींत गणीत नाहींत, आणि आम्हांसहि तें मान्य आहे. त्याची खरी उपासना देवळाबाहेरच्या शेतांत चाले. ईश्वरानें केलेल्या वस्तु लक्षपूर्वक पाहणें व त्यांत आपल्या पदरचें असत्य न मिसळणें, हीच त्याची स्तुतिस्तोत्रें होतीं.

आतां त्याच्या गृहस्थाश्रमाकडे वळूं. ईस्ट बर्गहोल्टचे धर्मगुरु डॉ. रड यांची नात मारिया बिकनेल हिच्यावर त्याचें प्रेम बसलें, व १८०९ पासून दोघांनीं विवाहाचा निश्चय केला. परंतु ज्याला चित्रांवर पोट भरतां येत नाहीं अशा मनुष्यास नात देण्यास वृद्ध आजोबा तयार नव्हते, आणि ते रागावले तर मुलीचा वारसा बुडेल अशी तिच्या बापास भीति. सात वर्षें दोघांनीं पत्रांवर दिवस काढले. या काळांत पैशासाठीं त्याला लोकांचीं तसबिरीवजा चित्रें काढावीं लागत. १८१६ सालीं बाप वारला व धंद्यांतील वांटा जॉनच्या हातीं आला, तेव्हां ता. २ आक्टोबर रोजीं लंडनमध्यें हें लग्न झालें. वर चाळीस वर्षांचा, वधू अठ्ठावीस वर्षांची. वधूच्या घरचें कोणी लग्नास आलें नाहीं. लग्न लावणारा धर्मोपदेशक जॉन फिशर हा वराचा जिवलग मित्र होता. पुढें कॉन्स्टेबलच्या मोठ्या चित्रांपैकीं पहिलें, म्हणजे पांढऱ्या घोड्याचें चित्र, यानेंच १८१९ सालीं १०० गिनी देऊन विकत घेतलें. पडत्या काळांत शब्दांनीं धीर देणारे पुष्कळ असतात. पदरचा पैसा काढून धीर देणारा मित्र विरळा.

मारियाची प्रकृति क्षयानें पोखरलेली होती. तिला मोकळी हवा मिळावी म्हणून १८१९ पासून कॉन्स्टेबलनें लंडनजवळच्या हॅम्पस्टेड या उंचवट्यावरील गांवीं घर घेण्यास आरंभ केला. शेतें व नदी दूर राहिलीं. पण तेथें आकाश मात्र अफाट होतें. १८२१ व १८२२ या दोन वर्षांत तो वरचेवर हॅम्पस्टेडच्या माळावर जाऊन केवळ ढगांचींच चित्रें काढीत असे. कित्येक चित्रांत जमीनच नाहीं, एखादें झाडहि नाहीं. आहे तें नुसतें आकाश. एकेक चित्र तो तासाभरांत पुरें करी, आणि कागदाच्या पाठीमागें तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा व हवेची स्थिति लिहून ठेवी. आकाशाचा हा रोजनामाच म्हणावयाचा! ल्यूक हॉवर्ड या इंग्रज गृहस्थानें १८०२ च्या सुमारास ढगांचे वर्ग पाडून त्यांस नांवें दिलीं होतीं. त्या विषयावरील टॉमस फॉर्स्टरचा ग्रंथ कॉन्स्टेबलनें मिळविला, आणि त्याच्या समासांत स्वतःचीं टिपणें लिहिलीं. आकाश हा चित्रामागें लावावयाचा पडदा नव्हे. सर्व चित्राचा प्रकाश व सर्व चित्राची भावना आकाशांतून उतरते, असें त्याचें मत होतें. एका चित्रकारानें हवामानाच्या अभ्यासकाइतक्या कसोशीनें ढग पाहावे, हें त्या काळीं नवलच होतें.

या नित्यपाठाचें फळ म्हणजे त्याचीं सहा फूट रुंदीचीं मोठीं चित्रें. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र १८२१ सालचें असून तें गवताच्या गाडीचें चित्र म्हणून ओळखलें जातें. मूळ प्रदर्शनांत मात्र त्याचें नांव मध्यान्हींचा देखावा एवढेंच होतें. फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळ नदीच्या उथळ पाण्यांत एक रिकामी गाडी उभी आहे. कांठावर एक कुत्रा आहे. डाव्या हातास विली लॉट नांवाच्या शेतकऱ्याचें घर आहे. दूरच्या कुरणांत माणसें काम करीत आहेत. आणि या सर्वांवर अर्धें ऊन व अर्धी सावली टाकणारे ढग चालले आहेत. यापलीकडे चित्रांत कांहीं घडत नाहीं. हें चित्र लंडनमध्यें रंगविलें गेलें. पण त्यासाठीं नदीकांठच्या अनेक वर्षांच्या टिपणांचा संग्रह पुढें होता. शिवाय त्यानें मोठ्या चित्राच्याच मापाचें एक कच्चें चित्र आधीं रंगवून पाहिलें होतें. इतकें असूनहि गाडीच्या बांधणीविषयीं त्याला शंका राहिली, तेव्हां त्यानें गांवाकडून डन्थॉर्नच्या मुलाकरवीं गाडीचीं रेखाटनें मागविलीं. आठवणीवर भागविलें असतें तर लंडनांतील किती जणांस ती चूक समजली असती? परंतु त्याला स्वतःला ती समजली असती!

प्रदर्शनांत चित्र विकलें गेलें नाहीं. पानांवरील दंव व उन्हाची चमक दाखविण्यासाठीं तो पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके देई. टीकाकार त्यास कॉन्स्टेबलचें बर्फ म्हणून हिणवीत. अखेर पॅरिसमधील एका व्यापाऱ्यानें हें चित्र, नदीचें दुसरें एक मोठें चित्र व जोडीस एक लहान चित्र, अशीं तीन मिळून २५० पौंडांस घेतलीं. १८२४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तीं मांडलीं गेलीं, आणि तेथील तरुण चित्रकार थक्क झाले. हिरवा रंग एक नसून शेंकडों छटांचा आहे, हें त्यांनीं प्रथमच पाहिलें. दलाक्रवा या प्रख्यात फ्रेंच चित्रकारानें तीं पाहून आपल्या तयार चित्रावर पुन्हां हात फिरविला असें सांगतात. फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स यानें कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिलें. कॉन्स्टेबल मात्र तें घेण्यास पॅरिसला गेला नाहीं. तो आपल्या कामावर व आपल्या आजारी पत्नीजवळ राहिला.

१८२८ सालीं मारियाच्या बापाकडून २०,००० पौंडांचा वारसा मिळून घरची ओढाताण कायमची संपली. पण त्याच वर्षीं ता. २३ नोव्हेंबर रोजीं मारिया वारली. मागें सात मुलें. धाकटें तर वर्षाचेंहि नव्हतें. त्यानंतर कॉन्स्टेबलनें जन्मभर काळा पोशाख केला. तिच्या मृत्यूला तीन महिने होतात न होतात तोंच, १८२९ च्या फेब्रुवारींत, रॉयल अकादमीनें त्याला पूर्ण सभासद निवडलें, तेंहि केवळ एका मताच्या आधिक्यानें. त्याचें वय तेव्हां बावन्न वर्षांचें होतें. त्याच्याहून एका वर्षानें वडील असलेल्या टर्नरला हा मान सव्विसाव्या वर्षींच मिळाला होता. एवढ्यावरहि अकादमीच्या अध्यक्षानें निसर्गचित्रकाराची निवड होणें हें त्याचें नशीबच, असें त्याला सुचविलें. ज्या मानावांचून सात वर्षें लग्न अडलें, तो मान आतां दाखवावयाचा कोणाला?

आम्ही त्याला निर्दोष ठरवूं इच्छीत नाहीं. त्याची जीभ तिखट होती, तो लवकर दुखावे, आणि इतर चित्रकारांविषयीं तो अनेकदां कठोर बोले. बापाच्या मिळकतीचा आधार नसता तर त्याची टेंक टिकली असती कीं नाहीं, हेंहि सांगवत नाहीं. परंतु एवढें खरें कीं, दुःखानें त्यानें कुंचला खालीं ठेवला नाहीं. १८२९ चें हॅडली किल्ल्याच्या भग्नावशेषाचें चित्र व १८३१ चें सॅलिस्बरीच्या मुख्य देवळाचें चित्र पाहावें. पूर्वींचें कोवळें ऊन जाऊन तेथें वादळी आकाश आलें आहे; पण सॅलिस्बरीच्या त्या काळ्या ढगांतहि देवळाच्या शिखरावरून एक भव्य इंद्रधनुष्य उतरलेलें आहे. १८३२ सालीं मित्र फिशर आणि मदतनीस असलेला डन्थॉर्नचा मुलगा असे दोघेहि वारले. तरीहि पुढील वर्षापासून त्यानें निसर्गचित्रांच्या इतिहासावर व्याख्यानें दिलीं. १८३६ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या शास्त्रसंस्थेंतहि तो बोलला. चित्रकला हें एक शास्त्र असून चित्रें हे त्या शास्त्राचे प्रयोग होत, असा त्याचा सिद्धांत होता. ता. ३१ मार्च १८३७ रोजीं दिवसभर तो अरंडेल येथील गिरणीच्या चित्रावर काम करीत होता. त्याच रात्रीं त्याला अकस्मात् मृत्यु आला. गिरणीपासून सुरू झालेलें आयुष्य गिरणीच्याच चित्रापाशीं थांबलें. हॅम्पस्टेडच्या देवळाच्या आवारांत मारियाशेजारीं त्याला पुरलें.

त्याच्या मागें घरांत शेंकडों लहान चित्रें व रेखाटनें उरलीं. तीं त्यानें विकण्यासाठीं केलेलीं नव्हतीं. तो त्याचा अभ्यास होता. १८८६ सालीं गवताच्या गाडीचें चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीस देणगीदाखल मिळालें. आणि १८८८ सालीं त्याची मुलगी इझाबेल हिनें बापाचीं पुष्कळशीं तैलटिपणें व रेखाटनें साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयास अर्पण केलीं. तेव्हां कोठें लोकांस समजलें कीं, त्या भव्य चित्रांखालीं किती हजार तासांचें मूक पाहणें पुरलेलें आहे.

आमच्या शाळेंतील मुलें चित्रकलेच्या परीक्षेसाठीं नमुने गिरवितात, आणि तेंहि आवश्यक आहे. परंतु नमुन्याकडे पाहणें व वस्तूकडे पाहणें या दोहोंत जें अंतर आहे, तें ओळखण्यासाठींच कॉन्स्टेबलनें कायमची नोकरी नाकारली व वीस वर्षें उपेक्षा सोसली. आमची एवढीच सूचना आहे कीं, प्रत्येकानें या वर्षीं एकच झाड निवडावें आणि आठ दिवस रोज एकाच वेळीं त्याच्यापुढें बसावें. सावली सरकली कीं थांबावें. समोर जें नाहीं तें काढूं नये. आठव्या दिवशीं चित्र चांगलें साधेलच असें नाहीं. परंतु तें झाड आपण पूर्वीं कधींच पाहिलें नव्हतें, एवढें मात्र खात्रीनें कळून येईल.